लिंबापासून मोरीपर्यंत

॥ ॐ नमः शिवाय ॥

मंगळवार, ता. ३ एप्रिल १९८४

चि. रेवणसिद्ध यास अप्पाचे आशीर्वाद. सौ. तारामतीला आणि मल्लूला पण आशीर्वाद. मी इकडे ठीक आहे. गिरणीचा नवा पट्टा बसवला, आता आवाज करत नाही. तू पाठवलेल्या खोकल्याच्या गोळ्या घेतो, म्हणजे आठवण आली की घेतो. पत्त्यात आधी जिल्हा उस्मानाबाद लिहिला होता, मग खोडून लातूर केला. दोन वर्षं होत आली नवा जिल्हा होऊन, मुलगा त्याच जिल्ह्याच्या कचेरीत खुर्चीवर बसतो, पण बापाचा हात ऐकत नाही.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. त्यात दोन कामं सांगितलीस. एक म्हणजे अव्वाच्या पहिल्या पुण्यस्मरणाची पत्रिका छापायची आहे, तर तिच्या आयुष्याची माहिती लिहून पाठवा. दुसरं म्हणजे, लोक तुला सांगतात की अप्पा रोज नव्या रस्त्याच्या कामावर जाऊन खडीच्या ढिगात बसतात, खडे उचलून बघतात, तर ते बंद करा. रविवारी जीप पाठवतो, लातूरला येऊन राहा.

पहिल्या कामापासून सुरुवात करतो. ते सोपं वाटलं होतं.

गौरम्मा. जन्म लोह्याच्या अलीकडे एका खेड्यात, तारीख कुणाला मालूम नाही, ज्वारी हुरड्यात होती एवढं तिची आई सांगायची. चौदाव्या वर्षी लग्न. तू एकटाच जगलास, तुझ्या आधीची दोन गेली. माझं सगळं तिनं केलं. गिरणीतून आलो की माझ्या अंगावरचं पीठ आधी अंगणात झटकायची आणि मग घरात घ्यायची, जसं काही पीठ आत आलं तर राज्य बुडणार होतं. स्वयंपाक चांगला. बोलणं कमी. मल्लू झाल्यावर मात्र बोलायला लागली. त्याच्याशी तासन् तास काय बोलायची देव जाणे, मी गेलो की दोघं गप्प.

तू वर मायना लिहून पाठवला आहेस, ‘पतिपरायण पत्नी, वत्सल माता, प्रेमळ आजी’. खोटं एकही नाही. पण रेवण, हा मायना कुणाच्याही बायकोला चालतो. छापखान्यात तो तयारच असेल, नुसतं नाव बदलायचं.

इथं उठलो होतो. गिरणीवर बाई दळण घेऊन आली म्हणून उठलो आणि तसाच रस्त्यापर्यंत जाऊन आलो. आता ऊन उतरलं आहे. बसवत नाही, पण आज लिहायचंच आहे.

तिच्या चपलांची गोष्ट तुला आठवते का? गावातून फाट्याकडे जाताना तो मोठा कडुलिंब लागतो. तिथं आली की चपला काढून हातात घ्यायची. पुढं दोन फर्लांगावर ओढ्याची मोरी आहे, ती ओलांडली की परत पायात घालायची. दहा वर्षं. वैशाखात डांबर उकळायचं तरी अनवाणी. मी चेष्टा करायचो, म्हणायचो, "चपला झिजतील म्हणून जपतीस का? तुझा नवरा गिरणीवाला हाय, दुसरा जोड घिऊन देतो." ती म्हणायची, "तुमी चला पुढं, मी येते." मल्लू चालायला लागल्यावर त्याला तिथं कडेवर घ्यायची, पाच वर्षांच्या घोड्याला! तो विचारायचा, आज्जी तुझे पाय भाजत नाहीत का? त्यावर ती म्हणायची, "भाजतेत की. भाजू दे." तारामतीला वाटायचं, कुठला तरी नवस असेल. मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर वाटलं काहीच नाही. विचारच केला नाही.

दुसरी गोष्ट. आम्ही नवरा-बायको लग्नापासून सकाळची लिंगपूजा समोरासमोर बसून करत असू. अंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं. ते झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. तिनं तो नेम शेवटच्या दिवसापर्यंत मोडला नाही. पण दुष्काळानंतर ती पूजेला भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. मला वाटलं, मी नांदेडला जाऊन राहिलो त्याचा राग असेल. बायकांचा राग असतो, निघून जातो. दहा वर्षं गेला नाही तरी मला काही वाटलं नाही. असा तुझा बाप.

आता दुष्काळाचं लिहावं लागेल. तेच टाळत होतो.

त्या वर्षी तू लातूरला वसतिगृहात होतास. इथं दळायला दाणाच नव्हता. लोकांना कामावर सुकडी मिळायची, तांबडी मिलो ज्वारी मिळायची, ती दळून घ्यायला पण डिझेल नाही. गिरणी बंद पडली. मी नांदेडला कापसाच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर नोकरी धरली आणि आठ महिने तिकडे राहिलो. जाताना तिला बजावलं होतं, काहीही होऊ दे, खडीवर जायचं नाही. सगळा गाव जात होता, पाटलाच्या सुना जात होत्या. पण माझं म्हणणं, गिरणीवाल्या चन्नबसप्पाची बायको हातात हातोडा घेणार नाही. ती "बरं" म्हणाली. तुझी खाणावळ त्या वर्षी एकदाही थांबली नाही. कशी थांबली नाही ते मी विचारलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. तू लहान होतास. मी नव्हतो.

दुष्काळ संपल्यावर गिरणी सुरू झाली. नांदेडहून येताना मी तिला लिंगासाठी चांदीची डबी आणली. पहिली डबी तिनं दुष्काळात मोडून खाल्ली होती, लिंग नुसतं कापडात बांधून गळ्यात घालत होती असं तिनंच सांगितलं. डबी हातात दिल्यावर तिनं ती उघडली, मिटली आणि बाजूला ठेवली. मी म्हटलं, आवडली न्हाई का? ती म्हणाली, "आवडली की."

आणि मग मी दहा वर्षं पारावर बसून छाती काढून सांगत राहिलो, "दुष्काळात अख्खं गाव खडीवर गेलं, माझ्या घरची बाई उंबऱ्याबाहेर पडली नाही." घरी पाहुणे आले तरी हेच. ती चहाचे कप ठेवायची आणि आत जायची.

बाकी उद्या लिहितो.

बुधवार

काल लिहिलेलं वाचलं. फाडणार होतो. फाडलं नाही.

आता तिच्या मातीच्या दिवसाचं. त्या दिवसापासून तू माझ्याशी नीट बोलत नाहीस, रेवण. नोकरी आहे, लांब आहे, काम आहे, हे सगळं ठीक. मला कारण मालूम आहे. खड्ड्यात तिला बसवलं होतं, शेवटची माती द्यायची वेळ होती आणि तुझ्या बापानं तिच्याकडे पाठ केली. तू तारामतीला म्हणालास, "अप्पानं तिला शेवटचं बघितलंसुद्धा न्हाई." मी ऐकलं. तेव्हा उत्तर दिलं नाही, आज देतो.

स्वामींनी सांगितलं, अम्माचं लिंग काढून तिच्या डाव्या हातावर ठेवा. हे नवऱ्यानं करायचं म्हणून मी तिच्या गळ्यातली डबी काढली आणि उघडली. आत लिंग नव्हतं, खडीचा तुकडा होता. आपल्या रस्त्याची काळी खडी असते ना, तसला, सुपारीएवढा. एका बाजूला हातोड्याचा घाव स्पष्ट दिसत होता. बाकीच्या कडा बोटं फिरवून फिरवून गुळगुळीत झालेल्या. फटीत विभूती भरलेली.

मला एका क्षणात सगळं समजलं. पाठ केली ती रडायला नाही. पाठ करून मी माझ्या गळ्यातलं लिंग काढलं, तो खडा मुठीत धरला आणि वळून माझं लिंग तिच्या हातावर ठेवलं. तिची बोटं मिटवली. स्वामींनी बघितलं. ते म्हातारे आहेत, सगळं बघतात. मंत्र म्हणत राहिले.

तर तिला लिंगाशिवाय पाठवलं नाही. एवढं तुला कळावं. आणि मी तिला बघितलं होतं, चांगलं बघितलं होतं.

बारा दिवसांनी पंचफुलाबाईला गाठलं. ती तुला माहीत आहे, शेंगा निवडायला यायची ती. मी सरळ विचारलं, गौरा तुझ्यासंगं खडीवर होती का? आधी घाबरली. मग म्हणाली, "मालक, आता कशाला लपवू? सात म्हैने व्हती. माझी भईन म्हणून नाव लावलं हजेरीला. नागाबाई. मुकादम हाक मारायचा नागाबाई, तर ह्या वळखतच नव्हत्या, मी कोपरानं ढोसायची." हे सांगताना ती हसली. मलाही हसू आलं, काय करणार.

मग लिंगाचं विचारलं. ती म्हणाली, "त्या दिवशी नांदेडची यस्टी आली बगा. यस्टी आली की ह्या तोंडावर पदर वढायच्या, कोन वळखीचं असंल म्हणून. त्या दिशी लई जोरात वढला, दोरा पदरात गुतला अन् तुटला. कापड सापडलं, लिंग न्हाई. समदी खडी काळी, लिंगबी काळं. तीन दिस हुडकलं. मी हुडकलं, मुकादमाला चोरून समद्या बायांनी हुडकलं. चौथ्या दिशी गाड्या आल्या, ढीग भरून नेला, लिंबापासून मोरीपतुर पसरला. अन् रोलर फिरला."

मी विचारलं, स्वामींकडून दुसरं का नाही घेतलं? पंचफुलाबाई म्हणाली, "कसं घेनार? स्वामी इचारनार, कुठं गेलं? मग खडीचं नाव निघनार. तुमी तर पारावर सांगत व्हता."

एवढं तर तुला सांगायला हवं होतंच. पण अजून एक आहे.

त्या एस्टीत मी होतो.

जिनिंगला दोन दिवस सुट्टी होती म्हणून न कळवता घरी येत होतो. खिडकीत बसलो होतो. लिंबाच्या अलीकडे बायकांच्या रांगा दिसल्या, रस्ता अर्धा बंद होता म्हणून एस्टी हळू झाली. मी लांबूनच तिला ओळखलं. तोंड दिसलं नव्हतं, पण बायकोला ओळखायला तोंड लागत नाही. उकिडवी बसली होती, डाव्या पायाच्या अंगठ्यानं दगड धरून उजव्या हातानं हाणत होती. चांगली सराईत. तळहाताला चिंध्या बांधल्या होत्या. कंडक्टरनं विचारलं, लिंबाजवळ कुणी उतरणार हाय का?

मी खाली वाकलो. पायातली वहाण नीट करतो असं दाखवलं. एस्टी लिंबाच्या पुढं जाईपर्यंत वाकूनच राहिलो. गावातही उतरलो नाही. तसाच उदगीरला गेलो, स्टँडवर बसलो आणि पुढच्या गाडीनं नांदेडला परत गेलो. ती गाडी दुसऱ्या रस्त्यानं जाते, विचारून घेतलं होतं.

मला तेव्हा वाटलं, तिची अब्रू राखली. तिला वाटलं असेल, माझी राखली. तिनं पदर ओढला आणि मी वाकलो, त्यात तिचं लिंग गेलं. आणि घरी आल्यावर मी तिच्यासाठी चांदीची डबी घेऊन आलो!

मी वाकायच्या आधी तिनं मला बघितलं होतं का, हे मला समजत नाही. पंचफुलाबाई म्हणते, पदर प्रत्येक एस्टीला ओढायची, त्या दिवशीच जोरात ओढला. का जोरात? हे विचारायला माणूस राहिलं नाही. वर्ष होत आलं, बसलो की उठतो, उठलो की तिकडे जातो. गिरणीत धान्य ओतताना पण डोक्यात तेच, बघितलं होतं का.

आता तुझ्या दुसऱ्या कामाचं. जिल्हा नवीन झाला म्हणून रस्ता रुंद होतोय, जुना रस्ता लिंबापासून मोरीपर्यंत उकरला आहे. दुष्काळातली खडी वर आली आहे आणि कडेला ढीग लावून ठेवली आहे. सोमवारी ती परत अंथरणार, वरून रोलर, वरून डांबर. मी रोज जाऊन ती बघतो. मी वेडा झालो नाही. मला मालूम आहे, अकरा वर्षं गाड्या गेल्या, लिंगाचं पीठ झालं असेल. दगड कसा दळला जातो हे मला कुणी शिकवायला नको. तरी बघतो. कामावरचा इंजिनियर चांगला पोरगा आहे, आधी हाकलायचा, आता विचारतो, बाबा आज कुठला ढीग?

तू लिहिलंस, लोक सांगतात.

रेवण, मागच्या बुधवारी अकराच्या सुमारास जिल्ह्याची जीप त्या रस्त्यानं गेली. पुढं साहेब बसले होते, मागं तू होतास. पांढरा सदरा होता, तारामतीनं दिवाळीला शिवलेला. मी ढिगात उकिडवा बसलो होतो, अंगभर धूळ. जीप हळू झाली, कारण रस्ता अर्धा बंद आहे. तू बघितलंस. मग तू मांडीवरच्या कागदांकडे बघायला लागलास आणि मोरी ओलांडेपर्यंत मान वर केली नाहीस.

मी हे रागानं लिहीत नाही. रागावायला माझ्याकडे तोंड नाही. साहेबाला काय सांगणार होतास, हा धुळीतला म्हातारा माझा बाप? मीही कंडक्टरला सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी ढिगात बसून मला पहिल्यांदा कळलं, गाडी समोरून निघून जाते तेव्हा खाली बसलेल्याला कसं वाटतं. लागतं रे. आपल्या माणसाच्या अब्रूसाठी आपणच तोंड लपवावं असं वाटतं. मी उपरणं ओढून घेतलं होतं, तुझ्या ध्यानात आलं का?

तुला दोष लागू नये म्हणून हे सगळं लिहिलं. माझ्यासारखी दहा वर्षं त्यात घालवू नकोस.

पत्रिकेत पतिपरायण वगैरे राहू दे, छापखान्याला वाईट वाटायला नको. पण खाली माझ्या नावानं एक ओळ घाल. ‘दुष्काळात लिंबापासून मोरीपर्यंतच्या रस्त्याची खडी गौरम्मानं फोडली.’ तिचं खरं नाव घाल, नागाबाई नको. मी ती पारावर मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, जिथं बसून इतकी वर्षं खोटं बोललो तिथंच.

माझ्या गळ्यात आता तिची डबी आहे आणि डबीत तिचा खडा. सकाळी तळहातावर घेतो. भिंतीकडे तोंड करून नाही, तिच्या पाटाकडे तोंड करून. माझी वेळ येईल तेव्हा हाच माझ्या हातावर ठेवायचा. स्वामी नवं लिंग देऊ करतील, भावकी ओरडेल, तू ऐकायचं नाहीस. तुझ्याशिवाय हे करणारं मला कुणी नाही. करतोस का नाही, ते मला जिवंतपणी ऐकायचं आहे.

लातूरला मी येत नाही. जीप पाठवू नकोस. रविवारी तू ये, मल्लूला आण. गावापर्यंत येऊ नकोस, लिंबाजवळ उतर. चपला तिथंच काढा, दोघांनीही. दोन ढीग अजून बघायचे राहिलेत, आणि माझी नजर आता काळ्यातलं काळं ओळखत नाही.

तुझा बाप, जो त्या दिवशी उतरला नाही,

चन्नबसप्पा